खाट योजनेची, गोळी आपली: मावशीचा कानमंत्र

अगं, ताईची आणि तुझ्या बाबांची औषधं यापुढे तू बघणार म्हणालीस, ते बरंच झालं. महिन्याचं बिल बघून तू दचकलीस, तेही बरं झालं, कारण दचकलेलं माणूसच हिशेब मांडायला बसतं. मुलुंडहून बोरिवलीला मला आता सारखं यायला जमत नाही. पण माझी सगळी नोकरी पालिकेच्या रुग्णालयात औषधखिडकीच्या आत गेली, आणि तिथे जे कळलं ते तुला सांगून ठेवते.

आधी चिठ्ठी वाचायला शीक. डॉक्टरांनी लिहिलेलं नाव औषधाचं आहे की कंपनीच्या ब्रँडचं, हे ओळखता आलं की अर्धं काम होतं. पट्टी उलटी कर. मागे बारीक अक्षरांत घटकाचं नाव असतं: टेलमिसार्टन, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अटोरव्हास्टॅटिन. तेच खरं औषध. एक वही कर आणि तीत ब्रँडचं नाव, घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी आणि एका गोळीला किती पैसे पडतात, एवढं लिही. किंमत पट्टीची लिहू नकोस. कुणाची पट्टी दहाची असते, कुणाची चौदाची, कुणाची पंधराची, आणि त्यात कोण महाग आणि कोण स्वस्त ते कळत नाही. एका गोळीचा भाव काढलास की लगेच कळतं.

बीपीचं टेलमिसार्टन ४० घे. नावाजलेल्या ब्रँडची एक गोळी साधारण सात-आठ रुपयांना पडते. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या दहा गोळ्यांची अख्खी पट्टी बारा रुपयांच्या आसपास मिळते. रोज एक गोळी, माणसं दोन, महिने बारा, आणि असं फक्त एका औषधाचं. आजार तोच, घटक तोच, फरक फक्त नावाचा.

तू म्हणशील, मग मेडिकलवाल्यालाच सांगते, याच्या बदली स्वस्तातली द्या. तसं होत नाही. चिठ्ठीवर एका ब्रँडचं नाव असेल तर घटक तोच असला तरी दुसरं औषध द्यायची मुभा औषधविक्रेत्याला नाही, हे औषधांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. एखादा दुकानदार बदलून देतोही, पण ते त्याच्या सोयीने, त्याच्याकडे ज्यात जास्त सुटतं ते. म्हणून किल्ली डॉक्टरांच्या हातात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी घटकाचंच नाव लिहावं असा नियम आणला होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात तो स्थगित झाला. तेव्हा आता आपणच विचारायचं. ताई डॉक्टरांपुढे बोलायला संकोचते, मला ठाऊक आहे. तू सोबत जा आणि सरळ म्हण, "डॉक्टर, घटकाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्याल का? जनऔषधीतून घ्यायचा विचार आहे. यातलं कुठलं बदललं तर चालेल आणि कुठलं बदलू नये, तेही सांगा." असं विचारल्यावर बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात. त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं मात्र बोलू नकोस. औषधाच्या दर्जाची त्यांची काळजी खोटी नसते.

जनऔषधी योजना २००८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पहिली काही वर्षं ती रखडतच चालली, २०१५ नंतर तिने वेग घेतला आणि जानेवारी २०२५ पर्यंत देशात पंधरा हजार केंद्रं झाली. आपल्या उपनगरांतही ती आहेत. 'जनऔषधी सुगम' ॲप फोनवर घे, त्यात जवळचं केंद्र दिसतं आणि औषधाचा भावही दिसतो. तिथल्या औषधांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मग बाहेर येते. अडचण दर्जापेक्षा साठ्याची जास्त असते. या आठवड्यात आहे, पुढच्या आठवड्यात नाही, असं होतं. म्हणून जायच्या आधी फोन कर, आणि घरात पंधरा दिवसांचं शिल्लक असतानाच पुढचं आणायला नीघ. शेवटची गोळी संपल्यावर धावलीस तर जे मिळेल ते आणि ज्या भावाने मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं.

सगळी औषधं एका दिवसात बदलू नकोस. एक बदल, पंधरा दिवस घरच्या मशीनवर बीपी नाहीतर शुगर लिहून ठेव, आकडे जागेवर असले तर पुढचं बदल. असं केलंस तर काही बिनसलंच तरी कशामुळे ते कळेल. आणि काही औषधांना हात लावायचाच नाही. ताईची थायरॉइडची गोळी एका कंपनीची चालू आहे ना, ती तशीच राहू दे. कधी बदलावी लागलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घे. फिट येऊ नयेत म्हणून दिलेली औषधं आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांचंही तेच. त्यात दोन-चार रुपये वाचवायला जाऊ नये.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नवी औषधं महाग असतात ती पेटंटमुळे, आणि पेटंट कधी ना कधी संपतं. शुगरचं एम्पाग्लिफ्लोझिन मूळ कंपनीचं घेतलं तर एक गोळी साठ रुपयांच्या घरात पडायची. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ते दहा रुपयांच्या आगेमागे बाजारात आणलं. त्याआधी २०१९ च्या अखेरीस व्हिल्डाग्लिप्टिनचं आणि २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचं असंच झालं. पण जुन्या चिठ्ठीवर जुनंच नाव चालत राहतं. डॉक्टर मागची चिठ्ठी बघून पुढची लिहितात, आपण मागची पट्टी दाखवून पुढची मागतो, आणि औषध स्वस्त झालेलं असूनही आपल्या घरात ते महागच येत राहतं. म्हणून सहा महिन्यांतून एकदा डॉक्टरांना विचार, यातलं कशाचं पेटंट संपलंय का, आता दुसऱ्या कंपनीचं चालेल का. बाबांच्या औषधांत अशी एक तरी गोळी निघेल असं मला वाटतं.

सरकारने कमाल किंमत बांधून दिलेली औषधं वेगळी. २०१३ च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल भाव असतो. सध्याची यादी २०२२ ची आहे आणि तीत ३८४ औषधं आहेत. 'फार्मा सही दाम' ॲपवर नाव टाकलं की बांधलेला भाव दिसतो. कर धरूनही पट्टीवर त्याहून जास्त छापलेलं दिसलं तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी बचत कुठे आहे ते सांगते. ती दुकानात नाही, ताईच्या औषधांच्या डब्यात आहे. म्हातारपणी एका माणसाला चार डॉक्टर असतात. हृदयाचा एक, गुडघ्यांचा एक, डोळ्यांचा एक आणि कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर. प्रत्येक जण आपलं लिहितो, दुसऱ्याचं पुसत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी प्रत्येकाच्या चिठ्ठीत असते. दुखण्यावरच्या गोळीतही पॅरासिटामॉल आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. एखाद्या आजारपणात पंधरा दिवसांसाठी दिलेली व्हिटॅमिनं वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण बंद करा असं कुणी म्हटलेलं नसतं. खिडकीवर मी हे रोज बघत होते. तेव्हा घरातली सगळी औषधं, अर्धवट पट्ट्या, मलमं, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा एका पिशवीत भर आणि ती पिशवी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी कर. ज्यांना वेळ असेल आणि ताई-बाबांची प्रकृती माहीत असेल असे डॉक्टर निवड. प्रत्येक गोळीमागे विचार, ही अजून लागते का. आपल्या मनाने मात्र काहीही बंद करू नकोस. बीपीची, झोपेची, हृदयाची औषधं एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. पण डॉक्टरांनी स्वतः तीन गोळ्या कमी केल्या तर त्या तिन्हीचा खर्च कायमचा वाचतो, आणि पोटही वाचतं.

गोळी अर्धी करण्याबद्दल एवढंच लक्षात ठेव. जिच्या मधोमध रेघ आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय, तीच अर्धी करायची. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं काही असेल तर ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, ती मोडायची नाही. आणि इन्सुलिनबद्दल फार जपून. शेजारच्या काकूंना लागतं म्हणून सांगते. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० चं. बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. स्वस्त मिळतंय म्हणून पेनवरून बाटलीवर गेलं आणि सिरिंज चुकली, तर मात्रा अडीचपटीने वरखाली होते. साधं ह्युमन इन्सुलिन नव्या प्रकारच्या इन्सुलिनपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं, पण तो बदल डॉक्टरांसमोर बसून करायचा.

पालिकेकडे जायला लाजू नकोस. आपल्यासारख्या घरांतून हे होतं, अंधेरीत नोकरी, बोरिवलीत स्वतःचा फ्लॅट, मग पालिकेच्या रांगेत कसं उभं राहायचं? का नाही? कर आपणही भरतो. घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अगरवाल, विलेपार्ल्याचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी ही आपलीच रुग्णालयं आहेत. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेला हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना आता बऱ्याच वस्त्यांत आहे. तो संध्याकाळीही उघडा असतो, आणि तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. बीपी-शुगरची नेहमीची औषधं तिथे मिळत असतील तर दर महिन्याचा तेवढा भार हलका होतो. कधी साठा संपलेला असतो आणि बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी हातात पडते, हेही खरं. तेव्हा ती चिठ्ठी घेऊन सरळ जनऔषधीत जायचं. पालिकेच्या चिठ्ठीवर बहुधा घटकाचंच नाव असतं, ते उपयोगी पडतं.

कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना हे आवर्जून सांग. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षं असलेल्या आणि निवृत्तीच्या वेळीही तिच्यात असलेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी विमा रुग्णालयाचे उपचार आणि औषधं मिळत राहतात. मुलुंडच्या आणि कांदिवलीच्या विमा रुग्णालयांच्या आसपास अशी कितीतरी जोडपी राहतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता विम्याचं. हे समजून घे, कारण यात सगळ्यांचा गोंधळ होतो. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या योजना खाटेच्या आहेत. रुग्णालयात दाखल झालं तर पैसे मिळतात, रोज सकाळी पाण्याबरोबर घ्यायच्या गोळीला कुणी विचारत नाही. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांचा औषधांचा खर्च त्यात धरलेला असतो, पण सोळाव्या दिवसापासून गोळी पुन्हा आपल्या खिशातून. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डांना पाच लाखांपर्यंत खुली झाली, तीही दाखल होण्यासाठीच. घराजवळचं मोठं रुग्णालय यादीत असेलच असं धरू नकोस. १४५५५ वर आयुष्मानचं आणि १५५३८८ वर राज्याच्या योजनेचं विचारून, यादीतली दोन रुग्णालयं वहीत आत्ताच लिहून ठेव.

खासगी मेडिक्लेममध्ये बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे तीस दिवस आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस यांतली त्या आजाराची औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी मागता येते. काहींत याहून जास्त दिवस असतात. लोक रुग्णालयाचं बिल कॅशलेस झालं की निवांत होतात आणि नंतरचे हे पैसे मागतच नाहीत. डिस्चार्जच्या दिवसापासून एक पाकीट वेगळं ठेव. प्रत्येक बिलावर रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी, आणि त्याला जोडून चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसलेलं बिल विमा कंपनी परत पाठवते. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर विमा कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, असं जानेवारी २०२५ पासून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, आणि औषधांवरचा बाराचा पाच टक्के झाला. नूतनीकरणाची नोटीस आली की हे दोन्ही आकडे त्यात बघ.

बाबांचा मेडिक्लेम कधीच बंद पडलाय, तेव्हा तुझ्यासाठी अजून एक. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारावर तू केलेला खर्च, वर्षाला पन्नास हजारांपर्यंत, तुझ्या प्राप्तिकरात वजा होतो. सगळे ही ८० डीची वजावट म्हणूनच ओळखतात. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि रोख दिलेले पैसे धरत नाहीत. म्हणून औषधांचे पैसे तुझ्या खात्यातून यूपीआयने दे आणि बिलं जपून ठेव.

बिलाशिवाय काहीच घेऊ नकोस, ओळखीचा दुकानदार असला तरी. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून कुणी स्वस्तात आणून देतो म्हणालं तरी बिल माग. पट्टी कापून देताना मुदत आणि बॅच छापलेला तुकडा आपल्याकडे राहील असं बघ. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या तीनशे मोठ्या ब्रँडांवर क्यूआर कोड असतो, तो फोनने बघून घे. आणि रुग्णालयात दाखल असताना तिथल्याच दुकानातून औषध घ्या असा आग्रह झाला तर शांतपणे सांग, औषध कुठून घ्यायचं हे ठरवायचा हक्क रुग्णाला आहे. रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. रात्री दोनला तातडीचं इंजेक्शन हवं असेल तेव्हा वाद घालू नये, पण रोजच्या सलाइन, हातमोजे, गोळ्या बाहेरून आणता येतात, आणि बाहेर त्या पुष्कळदा स्वस्त असतात.

बाबांना सत्तर पूर्ण झाली आहेत ना? मग या महिन्यात बाकी काही झालं नाही तरी वय वंदना कार्ड काढून घे. आजारपण आल्यावर धावपळ नको. कार्ड आधारवरच्या वयावरून मिळतं आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. बाबांच्या आधारला अजून जुन्या ऑफिसचा नंबर आहे असं ताई म्हणत होती, आणि या वयात बोटांचे ठसेही नीट उमटत नाहीत. तेव्हा आधी आधार केंद्रात जाऊन तो नंबर बदल, मग कार्ड.